आंतररेणवीय आकर्षण व पदार्थांचे भौतिक गुणधर्म

आंतररेणवीय आकर्षण : पदार्थाच्या भिन्न रेणूंमध्ये परस्परांविषयी असणारी विद्युत् स्वरूपाची ओढ. रेणूच्या पोटातील अणूंना जखडणारा रासायनिक बंध हिच्याहून कितीतरी बळकट असतो. तथापि पाणी उकळते तेव्हा त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन विलग होत नाहीत, केवळ एका रेणूची दुसऱ्याशी असलेली संगत सुटते, आणि म्हणूनच उकळबिंदू, बाष्पदाब, पृष्ठताण, श्यानता इत्यादी गुणधर्मांवर मुख्यत्वे अंमल चालतो तो या दुर्बळ ओढीचा. (मीठ, धातू, हिरा यांची गोष्ट निराळी, त्यांत सुटे रेणूच नसतात.)

योहानेस व्हान डर व्हाल्स या डच शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये लायडन येथे सादर केलेल्या प्रबंधात वायूंच्या समीकरणात या ओढीचा हिशेब प्रथम धरला. अध्रुवीय रेणूही परस्परांना का ओढतात, याचा उलगडा मात्र पुंजयामिकी उदयास आल्यावर, १९३० मध्ये, फ्रिट्झ लंडन यांनी केला : रेणूतील इलेक्ट्रॉनांचा मेघ क्षणोक्षणी हेलकावतो, त्यामुळे क्षणिक द्विध्रुव उपजतो व तो शेजारच्या रेणूतही तसाच द्विध्रुव निर्माण करतो. मेघ जितका मोठा तितकी ही ओढ प्रबळ. क्लोरीन −३४° से. ला उकळतो, ब्रोमीन ५९° ला, तर आयोडीन १८४° ला.

यावरून रेणुभार वाढला की उकळबिंदू वाढतो असा जो नियम पाठ्यपुस्तकांतून घोकविला जातो, तो अर्धाच खरा आहे. सरळ साखळीचे पेंटेन ३६° ला उकळते आणि तेच रेणुसूत्र असलेले, पण गोळ्यासारख्या आटोपशीर आकाराचे निओपेंटेन सुमारे १०° लाच उकळू लागते, कारण त्याच्या रेणूंना एकमेकांशी भिडावयास पृष्ठभागच अपुरा पडतो. हायड्रोजन बंधाचा प्रभाव तर याहून ठळक. हायड्रोजन सल्फाइडाचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट भाराचा असूनही −६०° ला उकळतो; पाण्यास मात्र १००° पर्यंत तापवावे लागते. बर्फात हेच बंध रेणूंना ऐसपैस, पोकळ रचनेत बसवितात, सबब ते पाण्यावर तरंगते.

या संदर्भात नायट्रोफिनॉलाचा दाखला विशेष उद्‌बोधक आहे. त्याच्या ऑर्थो प्रकारात नायट्रो व हायड्रॉक्सी हे गट शेजारी असल्याने हायड्रोजन बंध रेणूच्या आतच जुळतो आणि बाहेरच्यांशी संबंध जोडण्यास फारसे काही उरत नाही. पॅरा प्रकारात ते गट वलयाच्या समोरासमोरच्या टोकांना असल्यामुळे रेणू एकमेकांत गुंततात. परिणामी पहिला सुमारे ४५° ला वितळतो, दुसरा सुमारे ११४° ला. आणि दोहोंच्या मिश्रणातून पाण्याची वाफ सोडली असता पिवळा ऑर्थो प्रकार वाफेबरोबर निघून शीतकात गोठू लागतो व पॅरा चंबूतच मागे राहतो. प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण याच रीतीने करतात.