वीजबिलातली सूट आली कुठून?

विजेचे बिल आले की आपण रक्कम आणि शेवटची तारीख पाहतो. बारीक अक्षरांतल्या सवलती वाचायच्या राहून जातात. त्यांपैकी ठरावीक वेळच्या विजेवर मिळणाऱ्या सुटीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

1890च्या सुमारास इंग्लंडमध्ये वीज मुख्यतः दिव्यांसाठी वापरत. अंधार पडला की सगळे दिवे एकदम लागत. तेवढ्या वेळेसाठी मोठी यंत्रे उभारावी लागत आणि एरवी ती रिकामी राहत. 1892 मध्ये जॉन हॉपकिन्सन या अभियंत्याने दाखवून दिले, की वीज तयार करण्याइतकाच ती मागताक्षणी देता यावी म्हणून सज्ज राहण्यालाही खर्च येतो. म्हणून बिलाचे दोन भाग असावेत. आपल्या बिलातला ‘स्थिर आकार’ त्याच विचारातून आला आहे.

ब्रायटनचे अभियंते आर्थर राइट यांनी ग्राहकाची कमाल मागणी मोजणारे साधन बनवले. त्यातल्या बंद काचनळीत द्रव असे. वीजप्रवाहामुळे तार तापे, हवा प्रसरण पावे आणि द्रव शेजारच्या नळीत सांडे. सांडलेला द्रव आपोआप परत येत नसे. त्याच्या उंचीवरून सर्वाधिक मागणी कळे. मोजकेच दिवे, पण जास्त वेळ लावणाऱ्याला पुढची वीज स्वस्त मिळे. 1894 मध्ये शिकागोच्या वीज कंपनीचे प्रमुख सॅम्युअल इन्सल यांनी ही पद्धत पाहिली आणि पुढे आपल्या शहरात आणली.

1978 मध्ये ब्रिटनमध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ ही योजना आली. तीत रात्रीचे सात तास वीज स्वस्त असे. रात्री विटा तापवून दिवसा ऊब देणारे हीटर घरोघरी तिच्यावर चालत. मात्र दिवसाचा दर चढा असे. त्यामुळे योजना घेऊनही वापराची वेळ न बदलणाऱ्या घराला उलट भुर्दंड पडे!

भारतात आता स्वस्ताईची वेळ दुपारकडे सरकली आहे, कारण सौर वीज तेव्हाच मुबलक असते. केंद्र सरकारच्या 2023च्या नियमांत सौर तासांना कमी आणि गर्दीच्या तासांना जास्त दर सांगितला आहे. शेती वगळता इतर ग्राहकांसाठी 1 एप्रिल 2025 ही मुदत होती. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो.

वर्गात मुलांना घरची बिले आणायला सांगू या. मीटर कोणता आहे, वेळेनुसार युनिट वेगळे दाखवले आहेत का, हे शोधू या. एक अश्वशक्तीचा, म्हणजे सुमारे 750 वॅटचा पंप रोज तासभर चालला, तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात. दुपारी युनिटमागे 1 रुपया सूट आहे असे समजले, तर किती वाचतील?

मग आणखी एक प्रश्न विचारू या. दिवसभर सगळी माणसे कामावर असलेल्या घराने ही सूट कशी मिळवायची? याचे उत्तर गणितात सापडणार नाही, पण चर्चा जरूर रंगेल.