जीपीएस अँटेनाची केबल

छतावरील जीपीएस अँटेनाचा संकेत खोलीतील रिसीव्हरपर्यंत नेणाऱ्या समाक्ष तारेस व्यवहारात कोॲक्सियल केबल म्हणतात. जमीन मोजणीच्या रोव्हर यंत्रांना दुरुस्त्या पुरवणारी भारतीय सर्वेक्षण विभागाची ‘कॉर्स’ केंद्रे अशाच अँटेनांवर चालतात. लातूर, नांदेड जिल्ह्यांत बांधाच्या वादात या मोजणीचा आधार घेतला जात असल्याने केबलची निवड किरकोळ बाब राहत नाही.

उपग्रहांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा संकेत जमिनीवर अत्यंत क्षीण पोहोचतो. अँटेनातील वर्धक तो वाढवतो. वर्धकाची वीज, बहुधा ३ ते ५ व्होल्ट, याच केबलमधून वर जाते. बारीक आरजी-५८ केबलच्या २० मीटर लांबीत संकेताचा दशांशही उरत नाही. जाड एलएमआर-४०० मध्ये जवळपास निम्मा उरतो. केबलमधील विलंब सर्व उपग्रहांच्या संकेतांना सारखाच असल्याने लांबीमुळे स्थान चुकत नाही, मात्र क्षीण संकेत वारंवार तुटतो. दूरचित्रवाणीची ७५ ओहमची केबल ५० ओहमच्या यंत्रास जोडल्यास सुमारे ४ टक्केच शक्ती परावर्तित होते. तिची निंदा जरा जास्तच होते.

खरा शत्रू पाणी. मराठवाड्यातील ४० अंशांपुढच्या उन्हाळ्यात हलके वेष्टन तडकते आणि मृगाच्या सरींचे पाणी तांब्याच्या जाळीत शिरते. यासाठी उन्हाला टिकणारे काळे पॉलिथिलीन वेष्टन, आट्यांचे टीएनसी किंवा एन कनेक्टर आणि त्यांवर एकजीव होणारी रबरी पट्टी वापरतात. पाव वळणात बसणारा बीएनसी कनेक्टर उघड्या छतावर भरवशाचा नसतो. जुन्या केबलची जाळी काळवंडलेली दिसल्यास केवळ टोक कापून भागत नाही. ओल बरीच आत गेलेली असते.