एका गोळीतली दोन औषधं

आमच्या शेलूत मेडिकलच्या काउंटरवर ‘जरा स्ट्राँग गोळी द्या’ म्हणणारं कुणी ना कुणी असतंच. कर्जत लोकलने उभ्यानं जायचं, उभ्यानंच परतायचं, कंबर बोलणारच. पण या ‘स्ट्राँग’ला एक इतिहास आहे.

डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हे अफूच्या जातकुळीतलं, पण प्रयोगशाळेत घडवलेलं वेदनाशामक. अमेरिकेच्या एली लिली कंपनीने ते १९५७ मध्ये बाजारात आणलं. पुढे त्याला पॅरासिटामॉलची जोड मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या वोक्हार्टची ‘प्रॉक्सिव्हॉन’ याच जोडीची.

गोम अशी, की नेहमीचा डोस आणि जीवघेणा डोस यांत अंतर थोडं. त्यात दारूची भर पडली की श्वास मंदावतो, हृदयाची लय बिघडते. नुसत्या पॅरासिटामॉलचा अतिडोस झाला तर लिव्हर निकामी व्हायला दिवस लागतात, उपचाराला सवड मिळते. इथे कधीकधी तासाभरात सगळं संपतं.

ब्रिटनमध्ये या मिश्रणाने वर्षाला ३०० ते ४०० बळी जात होते. जानेवारी २००५ मध्ये तिथे ते टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. अमेरिकेत नोव्हेंबर २०१० मध्ये विक्री थांबली, भारतात बंदी आली मे २०१३ मध्ये. तोवर मिझोराममध्ये तरुण मुलं कॅप्सूलमधली पूड पाण्यात कालवून शिरेत टोचत होती. न विरघळणाऱ्या त्या पुडीने गळवं होत, हातपाय सडत. ब्रिटनच्या निर्णयापासून आपल्या बंदीपर्यंतची आठ वर्षं मला म्हणूनच खुपतात.

बंदीने प्रश्न मिटला नाही. ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलच्या गोळ्या होत्याच; ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने पालघरच्या कारखान्यातलं प्रकरण उघड केलं. एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र करून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. त्यानंतर तिथलं उत्पादन थांबवण्यात आलं.

ऑपरेशननंतर किंवा कॅन्सरच्या दुखण्यात ही औषधं लागतातच; त्यांना सरसकट विष म्हणणं अन्यायाचं होईल. पण ती डॉक्टरांनी सांगितली तेवढीच आणि तेवढेच दिवस घ्यावीत. सोबत दारू किंवा झोपेची गोळी नको. तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली, तर दोन्हींतली बेरीज करावी. बरेच दिवस चालू असलेली गोळी मनाने एकदम तोडू नये. आणि शेजाऱ्याची उरलेली पट्टी आपली समजू नये. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नावं छापलेली असतात. मोबाइलवर फोटो काढून मोठी करा, गिळण्याआधी वाचा.