एक्सएसएलटी भाषेतील नवी वाक्यरचना

एक्सएमएल पद्धतीच्या दस्तऐवजाचे दुसऱ्या एक्सएमएल दस्तऐवजात, एचटीएमएलमध्ये किंवा साध्या मजकुरात रूपांतर करणारी संगणकीय भाषा म्हणजे एक्सएसएलटी. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध केली.

या आवृत्तीत गट पाडण्याची स्वतंत्र आज्ञा नव्हती. ग्राहकांची यादी गावानुसार क्रमाने लावता येई. परंतु प्रत्येक गावाचे नाव एकदाच देऊन त्याखाली तेथील ग्राहक मांडणे सोपे नव्हते. स्टीव्ह म्यूंच यांनी त्यावर युक्ती शोधली : गावावरून सूची तयार करावयाची व हाताशी असलेली नोंद त्या गावाची सूचीतील पहिलीच नोंद आहे काय, हे तपासावयाचे. युक्ती चतुर असली, तरी नवशिक्यास ती मोठाच अडसर ठरे. चलात साठविलेल्या अंतरिम निष्पत्तीत पुन्हा शोध घेण्यावरही बंधन होते. ते दूर करू पाहणारा १.१ आवृत्तीचा मसुदा २००१ मध्ये सोडून देण्यात आला.

मायकेल के यांनी संपादित केलेली दुसरी आवृत्ती २३ जानेवारी २००७ रोजी आली. तीत ‘फॉर-ईच-ग्रुप’ या एकाच आज्ञेने गट पडू लागले आणि वापरणाऱ्यास स्वतःची फलने रचता येऊ लागली. मात्र जुन्या जाणकारास येथे काही विसरावेही लागले. ‘व्हॅल्यू-ऑफ’ ही आज्ञा पूर्वी अनेक घटकांपैकी केवळ पहिल्याचे मूल्य देई. आता ती सर्वांची मूल्ये मध्ये जागा सोडून देते. त्यामुळे आज्ञावलीच्या आरंभीचा आवृत्तिक्रमांक तेवढा बदलला, तरी निष्पत्ती बदलू शकते.

के यांनीच संपादित केलेली तिसरी आवृत्ती ८ जून २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. संपूर्ण दस्तऐवज स्मृतीत न घेता प्रवाहरूपाने वाचणे, हे तिचे मुख्य उद्दिष्ट. नित्याच्या कामात अधिक जाणवते ती मात्र लेखनातील सुटसुटीतता : ‘एक्स्पांड-टेक्स्ट’ हा गुणधर्म चालू केल्यास मजकुरातच महिरपी कंसात पदावली लिहिता येते. अर्थात, मजकुरात खरोखरीचा महिरपी कंस हवा असल्यास तो दोनदा लिहावा लागतो. शैलीपत्रकाचे नियम अंतर्भूत असलेल्या जुन्या आज्ञावलीत हे ध्यानी न घेतल्यास चुका उद्‌भवतात.

ब्राउझरांनी अंगभूत आधार दिला तो पहिल्याच आवृत्तीला. सॅक्सनसारख्या संस्कारकावर नवी वाक्यरचना शिकलेल्यासही ब्राउझरसाठी लिहिताना म्यूंच यांच्या युक्तीकडेच परतावे लागे. हा आधारही काढून घेण्याचा मनोदय क्रोमच्या निर्मात्यांनी २०२५ मध्ये जाहीर केला.