आदर्शीकरण, सोडून गेलेल्या पालकाचे

आई किंवा वडील टाकून गेल्यावरही मुलाने त्यांना जीव लावणे, त्यांना थोर वा निर्दोष मानणे आणि त्यांच्या जाण्याचा दोष स्वतःवर घेणे किंवा सांभाळणाऱ्या पालकावर टाकणे. हा आजार नव्हे. मूल ‘भोळे’ किंवा ‘कृतघ्न’ असते म्हणून असे घडते, ही समजूतही चुकीची आहे.

मीमांसा : या विषयातील सर्वांत मर्मग्राही मांडणी स्कॉटिश मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न (१८८९–१९६४) यांची आहे. एडिंबरा येथील बालचिकित्सालयात हालअपेष्टा सोसलेली आणि गुन्ह्यांकडे वळलेली मुले त्यांच्यासमोर येत. घरची स्थिती उघड दिसत असूनही ही मुले आईबापांना वाईट म्हणायला तयार नसत. स्वतःला वाईट म्हणायला मात्र पटकन राजी होत. १९४३ च्या निबंधात फेअरबेर्न यांनी याला ‘नैतिक बचाव’ म्हटले. ज्यांच्यावाचून जगणे शक्य नाही तेच वाईट आहेत असे मानले, तर मुलाला कुठलाच आधार उरत नाही. त्यापेक्षा ‘मी वाईट, म्हणून ते गेले’ असे मानणे त्याला परवडते, कारण मग ‘मी चांगला झालो तर ते परत येतील’ ही आशा शिल्लक राहते. सोडून गेलेल्याविषयीचे प्रेम या आशेवर पोसले जाते.

मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये हॅम्पस्टेड येथे बालसंगोपनगृहे चालवली. तेथील निरीक्षणांवर आधारलेल्या १९४४ च्या ग्रंथात, समोर नसलेल्या वडिलांची मुलांनी मनात उभी केलेली प्रतिमा नोंदवली आहे. वडील हयात नसतानाही काही मुले ते असल्यासारखे बोलत. ही ताटातूट मुख्यतः युद्धामुळे झालेली होती, त्यागामुळे नव्हे. तरीही प्रतिमा कशी घडते हे समजण्यासाठी या नोंदींचे मोल मोठे आहे. रोज दटावणारा, अभ्यासाला बसवणारा, पैसे नाहीत म्हणून सहल नाकारणारा पालक घरात असतो. गेलेल्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही. शिवाय घरचा पालक जाणार नाही याची खात्री असल्याने साठलेला राग त्याच्यावरच निघतो. एकट्या आयांचे हे एक मोठे दुःख असते.

कुटुंबचिकित्सक पॉलीन बॉस यांची ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पनाही येथे लागू पडते : माणूस गेला आहे, पण मेलेला नाही, त्यामुळे शोक पुरा होत नाही.

जैविक बाजू : दुखावणाऱ्याविषयीही ओढ टिकते, याचा एक दाखला प्राण्यांत मिळतो. मेंदूशास्त्रज्ञ रेजिना सलिव्हन यांच्या प्रयोगांत साधारण दहा दिवसांच्या आतील उंदरांची पिल्ले, विजेच्या सौम्य धक्क्याशी जोडलेल्या वासाकडेही ओढली गेल्याचे आढळले, त्याहून मोठी पिल्ले तो वास टाळू लागली. हे निष्कर्ष माणसाला थेट लावता येत नाहीत.

एक नोंदलेले उदाहरण : बराक ओबामा यांचे केनियन वडील ते अगदी लहान असतानाच हार्वर्डला गेले, १९६४ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला. आई मुलाला वडिलांविषयी चांगलेच सांगत असे. १९७१ मध्ये दहा वर्षांच्या मुलाला भेटण्यासाठी वडील होनोलुलूला आले व सुमारे महिनाभर राहिले. त्यापूर्वी मुलाने वर्गमित्रांना आपले वडील राजपुत्र असल्याचे सांगून ठेवले होते, आणि वडील वर्गात बोलायला येणार म्हटल्यावर थाप उघडी पडेल या धास्तीने तो कासावीस झाला. वडिलांच्या भाषणाने वर्ग भारावून गेला. त्यांनी मुलाला बास्केटबॉल दिला. ही त्यांची अखेरची भेट. १९८२ मध्ये वडील नैरोबीत मोटार अपघातात वारले. पुढे सावत्र बहीण ऑमा हिच्याकडून त्यांचे मद्यपान, नोकरीतील घसरण आणि घरातले वागणे कळले, तेव्हा मनातली मूर्ती ढासळली. १९९५ च्या आत्मकथनात ओबामांनी हे सारे मांडले आहे. मूर्ती मोडली तरी नाते तुटले नाही, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्र : ‘टाकलेल्या’ स्त्रियांचा प्रश्न १९८० च्या दशकापासून चळवळींनी लावून धरला, भर पोटगी व निवारा यांवर राहिला, मुलांच्या मनातील या प्रतिमेवर नव्हे.

हाताळणी : गेलेल्या पालकाची निंदा मुलासमोर करू नये, खोटी स्तुतीही करू नये. निंदेमुळे मूल त्याची बाजू अधिकच घट्ट धरते. शिवाय आपणही त्या पालकाचेच अंश आहोत, हे मुलाला ठाऊक असते. ‘ते गेले हा त्यांचा निर्णय होता, तुझी चूक नव्हती’ हे वाक्य वयानुरूप पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

कायदा : पालक व पाल्य अधिनियम, १८९० (कलम १७) अन्वये, मूल समजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. मात्र मुलाची ओढ हा पालकाच्या लायकीचा पुरावा नव्हे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वोपरी धरले जाते.