वेठीची वाट, सायकलची वाट

फ्रान्सचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस येते, आयफेल टॉवर येतो, फार तर जुलै महिन्यात टीव्हीवर दिसणारी 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत येते. त्या शर्यतीच्या मागे दिसणारे हिरवे चढउतार, झाडोऱ्यात दडलेली गावे आणि त्यांतून वळणे घेत जाणारे अरुंद डांबरी रस्ते मात्र आपण नुसते पाहून सोडून देतो. हौसेने सायकल चालवणारे लोक जगभरातून तिकडे जातात ते याच रस्त्यांसाठी. रस्ता गुळगुळीत, आणि बराच वेळ गेला तरी एखाददुसरी मोटार. इतके चांगले रस्ते खेडोपाडी बांधले कोणी, आणि बांधलेले रस्ते रिकामे पडले कसे? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही मध्य फ्रान्समधला एकच जिल्हा घेतला आहे. त्याचे नाव क्रोझ.

क्रोझ हा ग्रॅनाइटच्या टेकड्यांचा, कुरणांचा आणि ओढ्यांचा मुलूख. जमीन हलकी, हिवाळा कडक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या गावांना जोडणाऱ्या वाटा म्हणजे पावसाळ्यातल्या आपल्याकडच्या जुन्या गाडीवाटाच होत्या. चाक रुतले की बैल सोडायचे आणि माणसांनी खांदा लावायचा. राजाच्या काळात मोठे रस्ते बांधले गेले होते, पण तेही शेतकऱ्यांना वेठीला धरून. आपल्याकडची वेठबिगार ज्यांनी वाचली-ऐकली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १७८९ च्या क्रांतीच्या सुमारास ही वेठ गेली आणि तिच्याबरोबर गावच्या वाटांचा वालीही गेला.

२१ मे १८३६ रोजी फ्रान्सने गावरस्त्यांचा कायदा केला. आपल्या हद्दीतले रस्ते राखणे हे प्रत्येक गावाचे बंधनकारक काम ठरले. गावाकडे पैसा नसेल तर श्रम घ्यावेत, अशी सोय केली. करदात्या कुटुंबातल्या १८ ते ६० वर्षांच्या प्रत्येक धडधाकट पुरुषामागे वर्षाला तीन दिवसांचे काम, आणि घरात गाडी, घोडा, बैल असेल तर त्यांचेही तीन दिवस. ज्याला काम नको त्याने ठरलेल्या दराने पैसे भरावेत. लोकांनी याला नवी वेठच म्हटले, आणि त्यात तथ्य होते. बड्या जमीनदाराच्या आणि गरीब शेतकऱ्याच्या अंगमेहनतीचा हिशेब सारखाच तीन दिवसांचा होता. पैसेवाला पैसे भरून मोकळा होई, गरीब खडी फोडी. तरीही जुन्या वेठीपेक्षा एक फरक होता. हा रस्ता राजधानीकडे जाणाऱ्या सैन्यासाठी नव्हता, तो स्वतःच्या गावातून शेजारच्या बाजाराला जाणारा होता.

आज सायकलवाल्यांना जे आवडते ते सारे या बांधणीतून आले आहे. हे रस्ते बहुतेक जुन्या गाडीवाटांवरच पक्के केले गेले, म्हणून ते शेतांच्या बांधांना वळसे घालत, ओढ्याच्या कडेने जातात. भरलेली गाडी जनावराला ओढता यावी एवढाच चढ ठेवायचा, हा नियम सायकलवाल्याच्या पायांनाही मानवतो.

पण रस्ता दोन्ही दिशांना जातो. क्रोझमधले पुरुष पूर्वीपासून वसंतात घर सोडून पॅरिसला गवंडीकामाला जात आणि थंडीच्या तोंडावर परतत. १८३० मध्ये मार्तँ नादो नावाचा चौदा वर्षांचा मुलगा असाच वडिलांबरोबर पायी पॅरिसला निघाला. पुढे तो संसदेचा सदस्य झाला आणि गवंड्यांच्या जिण्याच्या आठवणी त्याने लिहून ठेवल्या. शतकाच्या मध्यावर पॅरिस नव्याने बांधले जाऊ लागले तेव्हा तिथल्या रुंद रस्त्यांकडेच्या इमारतींवर क्रोझच्या गवंड्यांचे हात होते. गावरस्ते पक्के झाले, मागोमाग रेल्वे आली, आणि दरवर्षी परतणारा गवंडी बायकामुलांना घेऊन शहरातच राहू लागला. बाजारात धान्य नेण्यासाठी केलेल्या रस्त्याने आधी माणसेच नेली. १८५१ मध्ये क्रोझची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. आज ती सव्वा लाखाच्याही आत आहे.

राहिलेल्यांतले कितीतरी तरुण पहिल्या महायुद्धाने नेले. त्या युद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि जवळजवळ प्रत्येक गावात त्यांच्या नावांचा स्तंभ उभा राहिला. जाँतिऊ या क्रोझमधल्या लहानशा गावचा स्तंभ मात्र निराळा आहे. त्यावर विजयाची देवता नाही, बंदूकधारी शिपाई नाही. शाळकरी कपड्यातला एक पोरका मुलगा हाताची मूठ वळून उभा आहे आणि स्तंभावर युद्धाला शाप देणारी एक ओळ कोरली आहे. सरकारी अधिकाऱ्यांनी त्याचे उद्घाटन करायला नकार दिला होता. ओब्यूसाँ या गालिचांसारख्या चित्रपटांच्या विणकामासाठी प्रसिद्ध गावाहून फेलतँमार्गे वासिव्हिएर तलावाकडे निघालेला सायकलस्वार या मुलासमोर थांबतो तेव्हा रस्ता इतका शांत का, याचे निम्मे उत्तर त्याला तिथेच मिळते.

सायकल या मुलखात आली ती हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. डोंगराळ भागात ती हौसेने चालवता येते हे पटवून देणारा गृहस्थ सँतेतिएन शहरातला. पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०) रेशमाचा व्यापार सोडून सायकलीच्या नादी लागला. 'व्हेलोसिओ' या नावाने तो स्वतःचे नियतकालिक चालवी आणि चढासाठी वेगळा गिअर हवा, असा आग्रह धरी. 'तूर द फ्रान्स'च्या चालकांना हा बायकी लाड वाटे. त्यांनी १९३७ पर्यंत असे गिअर शर्यतीत येऊ दिले नाहीत. त्याच्या आधीच्या वर्षी, १९३६ मध्ये, फ्रान्समधल्या कामगारांना पहिल्यांदा वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. कारखान्यातली जोडपी डबलसीट सायकलवर तंबू बांधून निघाली. ज्यांचे आजे-पणजे या वाटांनी खेडे सोडून गेले होते, त्यांची नातवंडे त्याच वाटांनी सुट्टीला परतली.

क्रोझचा एक मुलगा मात्र या मातीतूनच सायकलवर मोठा झाला. रेमों पुलिदोर (१९३६–२०१९) हा शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातला. 'तूर'मध्ये तो तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला, पण आघाडीवीराची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवसही चढली नाही. फ्रान्सने त्याच्यावर विजेत्यांहून अधिक प्रेम केले. खेड्यातून उठलेल्या लोकांना तो आपला वाटला असावा.

पुढे मोटारी आल्या, पण त्यांच्यासाठी वेगळे मोठे रस्ते झाले. क्रोझच्या पश्चिमेकडून ए-२० गेला, गेरे या जिल्ह्याच्या ठिकाणाजवळून एन-१४५ गेला. अवजड वाहतूक तिकडे वळली आणि गावरस्ते गावापुरते उरले. ते आजही राखले जातात. या विरळ वस्तीच्या जिल्ह्याला चार हजार किलोमीटरहून अधिक रस्ते सांभाळावे लागतात, म्हणजे माणशी तीस मीटरहून जास्त. तीन दिवसांची वेठ गेली, तिच्या जागी कर आला, पण भार वाहणारी माणसे कमी झाली. शांत रस्ता फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोणीतरी भरलेली असते आणि कोणीतरी अजून भरत असते.

आम्ही बडोद्याची मराठी माणसे हा इतिहास वाचतो तेव्हा तो आम्हांला परका वाटत नाही. गायकवाडांच्या मागोमाग, पुढे नोकरीच्या, शिक्षणाच्या निमित्ताने, आमची घराणीही अशाच कुठल्यातरी वाटेने निघाली आणि परतली नाहीत. मूळ गावचे आडनाव आम्ही लावतो, कुलदैवताला वर्षा-दोन वर्षांनी जाऊन येतो. त्या गावचा रस्ता आता डांबरी झाला आहे, आणि दिवसातून मोजक्याच गाड्या त्यावरून जातात. आम्हांला ती शांतता आवडते. पण त्या रस्त्याकडेची किती घरे बंद आहेत, आणि उघड्या घरांतली माणसे तो रस्ता कशी राखतात, हे पुढच्या खेपेला गाडीतून उतरून विचारायला हवे.