दीडशे रुपयांचा चरखा आणि बांबूचे धनुष्य

मनगटावर बांधायचे इलेक्ट्रॉनिक उपकरण घडवणाऱ्या अभियंत्यापुढे आज चार प्रश्न असतात. सुटे भाग किती, जोडणी कोण करणार, किंमत किती आणि बिघडले तर दुरुस्ती कुठे? मित्रहो, हेच प्रश्न अंगावरच्या कापडासाठी लागणाऱ्या यंत्राबाबत पूर्वी विचारले गेले. पिपरी मेघेला लागून असलेल्या वर्धा शहराचा त्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी आजही अभ्यासाव्यात अशा आहेत. यंत्र हलके असावे आणि साध्या झोपडीत हाताने वा पायाने चालावे. एका स्त्रीला फारसे श्रम न होता त्यावर आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत काढता यावे. किंमत १५० रुपयांच्या आत हवी, आयुष्य किमान २० वर्षे हवे आणि वार्षिक दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांहून, म्हणजे साडेसात रुपयांहून, अधिक नको. दुरुस्तीचा खर्च आधीच ठरवून देणारी ही अट मला सर्वांत आधुनिक वाटते!

पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. कारण अटींतच दडलेले असावे. तासाला २,००० वार हवे, तर अनेक चात्या हव्यात. चात्या वाढल्या की दात्यांची चाके आणि अचूक धातुकाम आले, आणि मग ते यंत्र गावच्या सुताराच्या हाती राहत नाही.

पुढे सेवाग्राममध्ये प्रश्नच उलटा मांडला गेला. गांधीजींच्या सहवासात आलेले पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन, अर्थात भारतानंद, पूर्वी बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात होते. विजेच्या यंत्रांत मुरलेल्या या माणसाने धनुष तकली घडवली, म्हणजे धनुष्याच्या ओढीने फिरणारी चाती. चाक नाही, माळ नाही. वेग मात्र माफक.

१९४१ च्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत गांधीजींनी तिची बाजू मांडली, ती निर्मितीच्या सोयीवरून. चरख्याची माळ बनवावी लागते, घसरली की बसवावी लागते. लाखो लोकांना एकाएकी कातायला बसवायचे, तर इतके चरखे आणायचे कुठून? धनुष तकली मात्र स्वस्त, दुरुस्ती क्वचितच लागणारी आणि उत्तम म्हणजे स्वतःच बनवावी अशी. एका यंत्रातून किती सूत निघते, यापेक्षा एकाच वेळी किती यंत्रे तयार होऊ शकतात, हे येथे निर्णायक ठरले.

अनेक चात्यांचे स्वप्न स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांच्या चरख्याने पुरे केले. त्यांच्या नावातले ‘अंबर’ त्या चरख्याला मिळाले. वर्ध्यात गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालय अजून उभे आहे. सेवाग्रामला जाल तेव्हा तिथेही अवश्य थांबा.